मराठी बायबल घ्यायचंय? भाषांतर, अक्षर आणि बांधणी कशी पारखायची

मराठी बायबल घेताना बहुतेक जण आधी कव्हर बघतात. काळं की तपकिरी, चेन आहे का, कडा सोनेरी आहेत का, आणि मग किंमत. आत भाषांतर कुठलं, अक्षर केवढं, पानं शिवलेली की नुसती चिकटवलेली, हे सगळं घरी आल्यावर कळतं, आणि दोन-तीन महिन्यांत ती प्रत कपाटात जाते नि माणूस मोबाईलवर वाचायला लागतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण मराठीत आज निवड करायला बऱ्यापैकी वाव आहे, फक्त कुणी नीट सांगत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: पैसे अक्षरात आणि शिलाईत घाला, कव्हरचा विचार सगळ्यात शेवटी करा. आणि क्रम महत्त्वाचा आहे, आधी वाचणारा, मग भाषांतर, मग मांडणी, मग बांधणी. खाली त्याच क्रमाने जातोय.

आधी ठरवा: कोण वाचणार, कुठे वाचणार

एकच बायबल सगळ्या कामांना पुरेल असं समजून घेतलं की सहसा कुठल्याच कामाला धड होत नाही. उपासनेत पुढे उभं राहून शास्त्रपाठ वाचायचा असेल तर मोठं अक्षर आणि स्टँडवर सपाट उघडं राहणारी प्रत लागते, वजन कितीही असो. लोकलने जाताना वाचायचं असेल तर एका हातात पेललं पाहिजे. आजीसाठी घेताय तर फक्त आणि फक्त अक्षर बघा. अभ्यासासाठी, बायबल स्टडीला, संदर्भ आणि समासात लिहायला जागा हवी. मुलांसाठी अख्खं बायबल घ्यायची घाई करू नका, मोठ्या अक्षरातला नवा करार स्तोत्रसंहितेसकट मिळाला तर तो जास्त वाचला जातो, बारीक अक्षराचं जाड पुस्तक बघूनच मूल मागे सरतं.

दुकानात जायच्या आधी एका कागदावर एवढंच लिहा: वाचणारा कोण, वय काय, चष्मा आहे का, दिवसा वाचणार की रात्री दिव्याखाली, हातात धरून की टेबलावर. बाकीचे अर्धे निर्णय यातूनच होतात.

६६ की ७३

हा प्रश्न लोक विसरतात आणि नंतर अडतात. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं, जुन्या करारात ३९ आणि नव्यात २७. कॅथलिक बायबलमध्ये ७३, म्हणजे जुन्या करारात ४६, कारण तोबित, यूदिथ, मक्काबींची दोन पुस्तकं, ज्ञानग्रंथ, बेन सिरा आणि बारूख त्यात असतात, शिवाय एस्तेर आणि दानीएलमध्ये जास्तीचे भाग असतात. वसईतल्या एखाद्या कॅथलिक घरात भेट द्यायला म्हणून ६६ पुस्तकांची प्रत नेली तर मिस्सेच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या, वाचनातला एखादा उतारा त्यात सापडणारच नाही. उलटही होतं. अनुक्रमणिका उघडा आणि मत्तयच्या आधी ही नावं आहेत का बघा, अर्ध्या मिनिटाचं काम. कॅथलिक प्रत हवी असेल तर आधी आपल्या धर्मग्रामात, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, विचारा, नाहीतर वांद्र्याच्या सेंट पॉल्ससारख्या कॅथलिक पुस्तकांच्या दुकानात चौकशी करा.

भाषांतर: इथे थोडा वेळ द्या

मराठीत बायबल आणायचं काम दोनशे वर्षांहून जुनं आहे. बंगालमधल्या सेरामपूरहून विल्यम केरी यांचा मराठी नवा करार १८११ मध्ये निघाला. त्याच्याही आधी, १६१६ साली, गोव्यात रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, पण ते भाषांतर नाही, बायबलची कथा ओवीबद्ध मराठीत सांगितलेली आहे आणि तेव्हा छापलं होतं रोमन लिपीत. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणलं, १९२२ मध्ये जाईपर्यंत त्या या कामात होत्या, आणि ते छापायचं काम मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्या बायकांनी केलं. हे सांगतोय अशासाठी की ‘सोपं मराठी की भारदस्त मराठी’ हा प्रश्न आजचा नाही, रमाबाईंपुढेही तोच होता.

आज हातात येऊ शकतात अशी मुख्य भाषांतरं ही.

सगळ्यात जास्त चर्चमध्ये चालतं ते बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं आर. व्ही. (रिव्हाइज्ड व्हर्जन), म्हणजे जे आपण लहानपणापासून ऐकत आलोय ते. पाठ असलेली वचनं बहुतेकांची यातलीच. स्तोत्र २३ कुणी म्हणायला लागलं की सगळं चर्च सोबत म्हणतं ते याच शब्दांत. भाषा जुन्या वळणाची आहे, वाक्यं लांब, पण मोठ्याने वाचताना तिला जी चाल येते ती मला दुसऱ्या कुठल्याच मराठी भाषांतरात मिळत नाही. याची पुनर्संपादित आवृत्तीही आहे, तिच्यावर ‘री-एडिटेड’ असं लिहिलेलं असतं, ती जरा सुटसुटीत आहे. जुनी आणि ही शेजारी ठेवून वाचलीत तर काही ठिकाणी शब्द वेगळे दिसतील, त्यामुळे चर्चमध्ये सगळे एकत्र वाचत असतील तर तिथे कुठली आहे ते विचारूनच घ्या.

सोप्या मराठीचं एक भाषांतर ई. आर. व्ही. (ईझी-टू-रीड व्हर्जन) नावाने ओळखलं जातं. वाक्यं तोडून छोटी केलेली, शब्द रोजचे. पहिल्यांदा बायबल वाचणाऱ्याला, इंग्लिश मीडियमच्या मुलांना, किंवा ज्यांना यिर्मया नि यहेज्केल कधीच पूर्ण वाचून झाले नाहीत त्यांना हे मनापासून सुचवेन. कविता मात्र यात सपाट होते, यशया ५३ यात वाचा आणि आर. व्ही.त वाचा, फरक कानाला लगेच कळतो.

बिब्लिका या संस्थेची ‘मराठी समकालीन आवृत्ती’ या दोघांच्या मधे कुठेतरी बसते, आजची प्रमाण मराठी आणि वाक्यं आटोपशीर. इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन, म्हणजे आय. आर. व्ही., हे मुक्त परवान्याखाली दिलेलं भाषांतर आहे, अॅप आणि वेबसाइटवर मोफत मिळतं आणि परवान्याच्या अटी पाळून कोणीही छापू शकतं. म्हणूनच त्याची छापील प्रत समोर आली तर भाषांतराच्या नावावरून कागदाचा आणि बांधणीचा अंदाज बांधू नका, तो छापणाऱ्यावर अवलंबून असतो.

आणि एक वेगळंच पुस्तक म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल. वसईचे दिब्रिटो, २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. चर्चबाहेरच्या मराठी वाचकाला बायबल साहित्य म्हणून वाचायचं असेल तर मी पहिलं नाव हेच घेईन. वचन शोधून काढायला नव्हे, सलग वाचायला.

आता निवड कशी करायची. चर्चमध्ये जे वाचतात ते एक घरात असू द्या, नाहीतर पाळक एक वाचतायत आणि तुम्ही दुसरंच काहीतरी बघताय असं होतं नि लक्ष उडतं. त्याच्या जोडीला समजण्यासाठी दुसरं सोपं भाषांतर. दोन्हीचे पैसे एकदम नसतील तर दुसरं मोबाईलवर चालेल. विकत घेण्याआधी यूव्हर्जनसारखं बायबलचं अॅप उघडा, मराठीत दिसतील ती भाषांतरं एकेक करून लावा, आणि पाच उतारे प्रत्येकात वाचा: उत्पत्ती १, स्तोत्र २३, यशया ५३, लूक १५ आणि रोमकरांस पत्राचा ८ वा अध्याय. यात कथा आली, काव्य आलं, दाखला आला आणि पौलाचा गुंतागुंतीचा युक्तिवादही आला. मनात वाचू नका, मोठ्याने वाचा. रोमकरांस ८ वाचताना जिथे श्वास पुरत नाही किंवा वाक्याच्या शेवटी येईपर्यंत कर्ता कोण ते विसरायला होतं, ते भाषांतर रोजच्या वाचनासाठी तुमचं नाही, बाकी कितीही चांगलं असू दे.

अजून एक बारकी पण महत्त्वाची तपासणी. मार्क १६ मधली ९ ते २० ही वचनं आणि योहान ७:५३ ते ८:११ हा भाग काही सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत नाही. चांगल्या आवृत्तीत तिथे कंस किंवा तळटीप असते. ती असेल तर बाकीच्या टिपाही काळजीने केलेल्या असण्याची शक्यता जास्त.

कव्हरवरच्या नावाला फसू नका

‘पवित्र शास्त्र’ आणि ‘पवित्र बायबल’ ही दोन नावं इतक्या वेगवेगळ्या भाषांतरांवर असतात की नुसत्या कव्हरवरून काहीच कळत नाही. मुखपृष्ठ उलटा, पुढच्या एक-दोन पानांत कॉपीराइटचा मजकूर असतो, बऱ्याचदा इंग्लिशमध्ये आणि बारीक अक्षरात. तिथे भाषांतराचं नाव, प्रकाशक आणि छपाईचं वर्ष मिळतं. दुकानदार ‘सगळं सारखंच असतं’ म्हणाला तरी हे पान बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

मांडणी: मराठीत हा मुद्दा इंग्लिशपेक्षा मोठा आहे

देवनागरीला वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षराचा अर्धा भाग. म्हणजे एका ओळीला खरं तर तीन मजल्यांची जागा लागते. रोमन लिपीत ८ पॉइंटचं (पॉइंट म्हणजे छपाईत अक्षराचा आकार मोजायचं माप) अक्षर चालून जातं, मराठीत तेच ८ पॉइंट डोळ्यांना फार त्रास देतं, कारण छोट्या आकारात जोडाक्षरांतल्या पोकळ्या शाईने भरतात. ‘सर्वांनी’ हा शब्द शोधा आणि रफार नि अनुस्वार वेगळे दिसतात का बघा. ‘पृथ्वी’, ‘शुद्ध’, ‘ख्रिस्त’ बघा. दानीएलच्या पुस्तकात जाऊन ‘नबुखद्नेस्सर’ वाचून बघा, न अडखळता वाचता आला तर अक्षर पास. हे दुकानातल्या ट्यूबलाइटखाली करू नका, दाराशी उजेडात एकदा आणि आत सावलीत एकदा, आणि ज्यांच्यासाठी घेताय ते सोबत असतील तर त्यांच्या हातात द्या.

‘लार्ज प्रिंट’ असं लिहिलेलं असलं तरी ते माप नाही, प्रत्येक प्रकाशक आपापल्या मनाने लिहितो. माझा अंदाज असा: तरुण डोळ्यांना रोज वाचायला ९ ते १० पॉइंट, पन्नाशीनंतर ११-१२, आणि पुलपिटवर, म्हणजे चर्चमधल्या व्यासपीठावर, उभं राहून वाचायला १४ च्या आसपास. पण नुसत्या पॉइंटवर जाऊ नका, दोन ओळींमधली जागा तितकीच महत्त्वाची आहे. अक्षर मोठं पण ओळी एकमेकींना चिकटलेल्या असतील तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो आणि डोळा ओळ चुकतो. अशा प्रतीपेक्षा अर्धा पॉइंट लहान पण मोकळी छपाई कधीही बरी.

मग येतो स्तंभांचा प्रश्न. बहुतेक मराठी बायबलं दोन स्तंभांची असतात, कारण त्यात कागद वाचतो. पण मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, ‘यरुशलेमेतल्या’, ‘थेस्सलनीकाकरांस’ असे लांबलचक शब्द अरुंद स्तंभात बसवायचे आणि दोन्ही कडा सरळ ठेवायच्या म्हटलं की शब्दांमध्ये मोठमोठी भोकं पडतात, पानभर पांढरे ओघळ दिसतात. नावांच्या याद्या असलेलं एखादं पान उघडा, १ इतिहास किंवा गणना, तिथे ही अडचण सगळ्यात उघडी पडते. उजवी कड सरळ न ठेवता सैल सोडली असेल तर वाचायला उलट सोपं जातं, दिसायला थोडं अव्यवस्थित वाटलं तरी. एक स्तंभाची प्रत मिळाली तर सलग वाचनाला उत्तम, पण ती जाड होते आणि वचन पटकन सापडत नाही.

वचनांची मांडणी दोन प्रकारची असते. एकात प्रत्येक वचन नव्या ओळीवर सुरू होतं, दुसऱ्यात परिच्छेद असतात आणि वचनाचा आकडा मधेच छोटा टाकलेला असतो. वचनांचे हे आकडे मूळ लेखनात नव्हतेच, नव्या करारात आज चालणारी वचनसंख्या रॉबर्ट एस्तिएन या छापखानेवाल्याने १५५१ मध्ये घातली. म्हणून अर्थ समजून वाचायचं असेल तर परिच्छेदवाली प्रत घ्या, इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायासारखा एकसंध विचार वचनागणिक तोडला की हातातून निसटतो. चर्चमध्ये ‘योहान ३ चं १६’ म्हटल्या म्हटल्या सापडायला हवं असेल किंवा मुलांकडून पाठांतर घ्यायचं असेल तर वचनागणिक नवी ओळ सोयीची. माझी स्वतःची पसंती परिच्छेदांना आहे, पण पुलपिटवर मला नवी ओळच बरी वाटते, बोट ठेवायला आधार मिळतो.

स्तोत्रसंहिता, नीतिसूत्रे, ईयोब आणि संदेष्ट्यांचे बरेच भाग काव्य आहेत. हिब्रू कवितेत पहिली ओळ एक गोष्ट सांगते आणि दुसरी तीच गोष्ट फिरवून पुन्हा सांगते किंवा उलट बाजूने सांगते. ओळी कवितेसारख्या आत-बाहेर सरकवून छापल्या असतील तर ही जोडी डोळ्यांना दिसते, गद्यासारखं सलग छापलं असेल तर ती हरवते. स्तोत्र १ आणि नीतिसूत्रे १० ही पानं उघडून बघा, इथे कळतं की प्रकाशकाने मनापासून काम केलंय की नुसता मजकूर ओतलाय.

येशूची वचनं लाल अक्षरात, ही पद्धत अमेरिकेत लुई क्लॉप्श यांनी १८९९ च्या नव्या करारात सुरू केली. काहींना ती फार आवडते. पण लाल छपाई फिकी असेल तर वयस्कर माणसाला रात्री दिव्याखाली डोंगरावरचं प्रवचनच वाचता येत नाही, मत्तय ५ ते ७ जवळजवळ सगळंच लाल असतं. लाल हवंच असेल तर गडद, विटकरीकडे झुकणारं बघा, गुलाबी पडलेलं नको.

संदर्भवचनं, शब्दसूची, नकाशे यांचं थोडक्यात: अभ्यास करणाऱ्याला संदर्भ हवेतच, बाकीच्यांना नसले तरी चालतं, उलट पान मोकळं राहतं. नकाशांतली नावं मराठीत आहेत का ते बघा. मराठी-इंग्लिश शेजारी-शेजारी छापलेल्या द्विभाषी प्रतीही मिळतात, परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी आणि दोन भाषांच्या घरांसाठी त्या खरंच उपयोगी आहेत, फक्त अक्षर बारीक आणि वजन जास्त हे गृहीत धरा.

कागद

बायबलचा कागद मुद्दाम पातळ असतो, साधारण ३० ते ४० जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), आपल्या झेरॉक्सच्या ७०-८० जीएसएम कागदाच्या निम्मा, नाहीतर एवढा मजकूर एका पुस्तकात मावणारच नाही. प्रश्न पातळपणाचा नाही, आरपार दिसण्याचा आहे. एखादं असं पान उघडा जिथे एका बाजूला काव्य आहे, म्हणजे मोकळी जागा जास्त आहे. त्या मोकळ्या जागेत मागच्या बाजूची अक्षरं किती ठळक दिसतात ते बघा. मग ते एकच पान उजेडासमोर धरा. दोन्ही बाजूंच्या ओळी बरोबर एकावर एक आलेल्या दिसल्या तर समजा छपाई काळजीने केली आहे, कारण तसं असलं की मागची अक्षरं पुढच्या ओळींच्या आड लपतात आणि मधल्या पांढऱ्या पट्ट्या स्वच्छ राहतात. रंगाला पांढराशुभ्र कागद दुकानात छान दिसतो, पण तासभर वाचायला किंचित पिवळसर बरा.

बांधणी: इथे घाई करू नका

शिवलेली की चिकटवलेली, हा एकच प्रश्न बाकी सगळ्यापेक्षा मोठा आहे. जुजबंदीत, म्हणजे शिवलेल्या बांधणीत, छापलेले मोठे कागद दुमडून फर्मे करतात, प्रत्येक फर्मा मधोमध दोऱ्याने शिवतात आणि मग सगळे फर्मे एकमेकांना दोऱ्याने बांधून वर सरस लावतात. चिकटवलेल्यात फर्म्यांच्या कडा कापून सगळी सुटी पानं कण्याला गोंदाने डकवतात. हजार-बाराशे पानांच्या आणि रोज उघडायच्या पुस्तकाला नुसता गोंद पुरत नाही. काळाने तो कडक होतो, तडकतो, आणि आधी सुटतात ती जास्त वापरलेली पानं, म्हणजे स्तोत्रं आणि शुभवर्तमानं.

ओळखायचं कसं? पुस्तक उभं धरा आणि कण्याच्या वरच्या टोकाकडून बघा. छोटे छोटे दुमडलेले गठ्ठे, कमानीसारखे, एकाला एक लागून दिसले तर फर्मे आहेत. सरळ सपाट कापलेली कड आणि गोंदाचा थर दिसला तर चिकटवलेलं. वरच्या टोकाला रंगीत पट्टी असेल आणि नीट दिसत नसेल तर पानं उलटत एखाद्या फर्म्याच्या मध्यावर या, तिथे घडीत दोरा दिसला पाहिजे. रंगीत पट्टीवर मात्र विसंबू नका, ती शोभेसाठी चिकटवलेल्या पुस्तकालाही लावतात.

दुसरी तपासणी: प्रत टेबलावर ठेवून उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडा आणि हात काढा. मग प्रकटीकरणाचा शेवट उघडा. मग मधे स्तोत्र ११९. मध्यावर जवळजवळ कुठलंही पुस्तक उघडं राहतं, खरी परीक्षा दोन्ही टोकांना. नवी कोरी प्रत थोडी ताठ असते हे धरून चाला, पण झटक्यात मिटत असेल किंवा कण्यातून कडकड आवाज येत असेल तर ठेवून द्या. आतला समासही बघा, मजकूर कण्याच्या खोबणीत शिरत असेल तर तुम्ही प्रत्येक वेळी जोर लावून उघडणार आणि बांधणी लवकर जाणार.

कव्हरमध्ये जाड पुठ्ठा आणि त्यावर कापड किंवा रेक्झिन हे आपल्या हवेला सगळ्यात टिकाऊ, घरी आणि चर्चमध्ये ठेवायला हेच घ्या. मऊ कव्हर हातात छान वाटतं, प्रवासात बरं. पीयू म्हणजे कृत्रिम लेदर, त्याचा वरचा थर दमट हवेत काही वर्षांत सुटायला लागतो, पापुद्रे निघतात आणि कपड्यांना चिकटतात, कोकणात आणि मुंबई-वसई पट्ट्यात हे जास्त लवकर होतं. ‘बॉन्डेड लेदर’ म्हणजे चामड्याचा चुरा चिकटवून केलेला पत्रा, नाव लेदरचं असलं तरी घडीवर चिरतो. खरं चामडं, विशेषतः बकरीचं, वर्षानुवर्षं चालतं पण महाग आहे आणि पावसाळ्यात बुरशीपासून जपावं लागतं. थोडक्यात, चिकटवलेल्या पानांवर महाग कव्हर घेण्यापेक्षा शिवलेल्या पानांवर साधं कव्हर घ्या, कव्हर नंतर बदलता येतं. चेनचं कव्हर घ्यायचं तर सुटं घ्या, पुस्तकालाच जोडलेली चेन खराब झाली की दुरुस्त करायला कुणी मिळत नाही आणि तिचे दाते पानांच्या कडा खातात.

पानांच्या कडेला कापलेल्या अंगठ्याच्या खाचा बायबलमधली पुस्तकं पटकन शोधायला मदत करतात, ज्यांना क्रम अजून पाठ नाही त्यांना उपयोगी. खुणेच्या फिती दोन असाव्यात, एक जुन्या करारात, एक नव्यात.

ऑनलाइन मागवताना

वेबसाइटवर कव्हरचे सहा फोटो असतात आणि आतलं एकही पान नसतं. विकणाऱ्याला मेसेज करून तीन फोटो मागा: आतलं एक पान ज्याच्यावर शाळेची पट्टी ठेवलेली आहे, कण्याचं वरचं टोक, आणि कॉपीराइटचं पान. पट्टीमुळे अक्षराचा खरा आकार कळतो, एका इंचात किती ओळी बसल्या ते मोजा आणि घरातल्या वर्तमानपत्राशी ताडून बघा, वर्तमानपत्रापेक्षा दाट असेल तर रोजच्या वाचनाला घेऊ नका. फोटो द्यायला टाळाटाळ केली तर दुसरीकडे बघा. जमेल त्यांनी मात्र दुकानातच जावं, बायबल सोसायटीच्या प्रती अनुदानामुळे तशाही स्वस्त असतात आणि वेगवेगळ्या आकारांच्या शेजारी-शेजारी बघता येतात. घेताना सगळी पानं भराभर उलटून घ्या, कोरं राहिलेलं किंवा उलटा लागलेला फर्मा कधीकधी निघतो, तिथल्या तिथे बदलून घेता येतं.

घरी आणल्यावर

नवी प्रत एकदम मधून ताणून उघडू नका. कणा टेबलावर टेकवून पुढची काही पानं दाबा, मग मागची काही, असं दोन्हीकडून आलटून पालटून मध्यापर्यंत या. सोनेरी कडांची पानं चिकटलेली असतात, हलक्या हाताने सुटी करा. खुणा करायला साधी पेन्सिल किंवा मेणाच्या रंगकांड्यांसारखे कोरडे हायलायटर, जेल पेन आणि ओले हायलायटर या कागदावर मागच्या पानापर्यंत उतरतात. आधी शेवटच्या कोऱ्या पानावर करून बघा.

पावसाळ्यात भिंतीला लागून ठेवू नका, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तर मुळीच नको, आत ओल कोंडते. उघड्या शेल्फवर उभं ठेवा, जवळ सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि आठवड्यातून एकदा पानं वाऱ्याला उलटा, रोज वाचत असाल तर हे आपोआपच होतं. कसर लागली तर वर्तमानपत्रावर झटकून मऊ ब्रशने प्रत्येक फर्म्याची घडी साफ करा, उन्हात थेट ठेवू नका, कागद ठिसूळ होतो.

आणि जुनी प्रत खिळखिळी झाली तर टाकून नवी घ्यायच्या आधी बाइंडरकडे न्या. सेलोटेप लावू नका, तिचा गोंद कागदात मुरतो आणि मग बाइंडरलाही काही करता येत नाही. बाइंडरला तीन गोष्टी स्पष्ट सांगा: फर्मे पुन्हा शिवायचे, नुसता गोंद लावायचा नाही, कडा कापायच्या नाहीत, कापल्या तर वरची शीर्षकं आणि समासातलं लिखाण जातं, आणि सुरुवातीची कोरी पानं, ज्यांच्यावर बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या तारखा आणि आजोबा-पणजोबांच्या सह्या असतात, ती न फेकता आत परत बसवायची. हे तिन्ही कागदावर लिहून प्रतीतच ठेवा, कारण काम करणारा माणूस बहुतेक वेळा काउंटरवर बोलणाऱ्यापेक्षा वेगळा असतो.